मांजराचे केस जातात, खाज थांबत नाही: कारणापर्यंत पोहोचायची पद्धत

मानेवर बारीक खपल्या, पोट जवळजवळ उघडं, पाठीवर शेपटीच्या मुळाशी विरळ झालेले केस. इंजेक्शन दिलं की पंधरा-वीस दिवस बरं वाटतं आणि मग पहिले पाढे पंचावन्न. असं दोन-तीनदा झालं असेल, तर त्या आजारावर औषधच नाही असं समजू नका. बहुतेक वेळा कारण शोधायचं राहून गेलेलं असतं आणि नुसती खाज दाबली जात असते.

मांजराच्या कातडीकडे तक्रार करायच्या मोजून चार तऱ्हा आहेत. एक, डोकं आणि मान ओरबाडून जखमा करणं. दोन, केस चाटून चाटून तोडणं. तीन, अंगभर बाजरीच्या दाण्यांएवढ्या खपल्या, ज्या डोळ्यांपेक्षा बोटांना आधी कळतात. चार, वरच्या ओठावरचा व्रण किंवा पोटावर, मांड्यांवर उठणारे लाल, ओलसर, फुगीर चट्टे. पिसवा असोत, अन्नाची अ‍ॅलर्जी असो की धुळीची, कातडी या चारांपैकीच एखाद्या तऱ्हेने बोलते. त्यामुळे फोटो पाहून निदान होत नाही. एकेक कारण ठरलेल्या क्रमाने बाद करत जावं लागतं, आणि तो क्रम मोडला की सगळी मेहनत वाया जाते.

सगळ्यात आधी: केस गळतात की तोडले जातात?

उघड्या जागेवरून केस उगवण्याच्या उलट दिशेने बोट फिरवा. खुंट टोचत असतील, दाढी करून दोन दिवस झालेल्या गालासारखं लागत असेल, तर केस मुळाशी शाबूत आहेत आणि मांजर ते चाटून तोडतंय. जागा गुळगुळीत असेल, किंवा आजूबाजूचे केस हलक्या चिमटीत मुळासकट सहज निघत असतील, तर ते गळताहेत. पशुवैद्य चार-सहा केस उपटून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. टोक निमुळतं असेल तर केस आपोआप पडलाय, टोक चिरफाळलेलं असेल तर तोडलाय. दोन मिनिटांची ही तपासणी आवर्जून करून घ्या.

‘आमचं मांजर तर चाटताना दिसतच नाही’ हे पशुवैद्यांना रोज ऐकावं लागतं. पुष्कळ मांजरं रात्री किंवा पलंगाखाली बसून चाटतात. विष्ठेत केस दिसणं आणि केसांचे गोळे वारंवार ओकणं हा त्याचा पुरावा. तरीही शंका असेल तर गळ्यात कोन, म्हणजे अंग चाटता येऊ नये म्हणून घालायची शंकूसारखी गळपट्टी, घाला. तीन-चार आठवडे तो चोवीस तास राहिला आणि उघड्या जागेवर मऊ लव आली, तर प्रश्न सुटला: मांजरच केस काढत होतं. मात्र जेवताना काढला, झोपताना काढला असं केलं तर यातून काहीच कळत नाही. सलग अर्धा तास मोकळा मिळाला तरी मांजर आठवडाभराची लव साफ करतं.

डोळा आणि कान यांच्या मधला पट्टा जन्मापासून विरळ असतो, त्याची काळजी नको.

खरोखर गळणाऱ्या केसांमागे बुरशी हे सगळ्यात नेहमीचं कारण. त्याखेरीज मोठं आजारपण, तीव्र ताप किंवा बाळंतपणानंतर केस जातात आणि काही आठवड्यांत परत येतात. म्हाताऱ्या मांजराच्या पोटाखालचे केस झपाट्याने गेले, खालची कातडी चकचकीत, जणू पॉलिश केल्यासारखी दिसू लागली आणि वजनही उतरत असेल, तर वाट पाहू नका. पोटातल्या, विशेषतः स्वादुपिंडाच्या, कर्करोगात असं दिसतं.

नकाशा आणि वही

कागदावर मांजराची ढोबळ आकृती काढा आणि बाधित जागा रंगवा. शेजारी खाजेला 0 ते 10 गुण द्या: 0 म्हणजे नेहमीइतकंच चाटणं, 10 म्हणजे खाणं-झोपणं सोडून खाजवणं. आठवड्यातून एकदा, त्याच उजेडात, त्याच कोनातून फोटो. हा उद्योग कंटाळवाणा वाटतो, पण ‘थोडं बरं आहे’ या वाक्यावर औषध चालू ठेवायचं की बदलायचं हे कोणालाच ठरवता येत नाही.

जागेवरून रोग ठरत नाही, दिशा मात्र मिळते. कंबर, शेपटीचं मूळ आणि मांड्यांची मागची बाजू असेल तर आधी पिसवांवर संशय. कानाच्या कडांपासून सुरू होऊन चेहऱ्यावर पसरणाऱ्या जाड, राखाडी खपल्या आणि बेफाम खाज म्हणजे खरजेचे किडे. कानात कॉफीच्या चोथ्यासारखा काळा मळ म्हणजे कानातले किडे. फक्त ओटीपोट उघडं असेल तर लघवीही तपासा. मूत्राशय दुखत असेल तर मांजर वरची कातडी चाटत राहतं. दुखऱ्या सांध्यावरही तसंच. नाकाचा शेंडा आणि कानांची बाहेरची बाजू तेवढीच फोडांनी भरली असेल, तर डासांच्या चाव्याची अ‍ॅलर्जी असू शकते. नखांच्या मुळाशी घट्ट पू आणि कानांवर, नाकावर पिवळट खपल्या असतील तर शरीराची प्रतिकारशक्तीच कातडीवर उलटलेली असू शकते. तिथे बायॉप्सीला, म्हणजे कातडीचा तुकडा काढून तपासण्याला, पर्याय नाही. पांढऱ्या मांजराच्या कानाच्या टोकावर न भरणारी खपली उन्हामुळे होणाऱ्या कर्करोगाची असू शकते.

पिसवा: ‘आमच्याकडे नाहीत’ म्हणण्याआधी

पिसवांची अ‍ॅलर्जी असलेल्या मांजराच्या अंगावर पिसू सापडणं कठीणच असतं, कारण ते इतकं चाटतं की स्वतःच त्या गिळून टाकतं. पिसवा दिसल्या नाहीत म्हणून त्यांना बाद करता येत नाही. नीट उपचार तीन महिने चालवून फरक पडला नाही, तरच बाद.

तपासणी अशी करा. लिखा काढायच्या फणीसारखी दाट दातांची फणी घ्या. मांजराला पांढऱ्या कागदावर उभं करा. शेपटीच्या मुळापासून डोक्याकडे केस उलटे करत, फणी कातडीला टेकवून, निदान पाच मिनिटं विंचरा. मान आणि हनुवटीखाली विसरू नका. कागदावर पडलेले काळे कण ओल्या कापसावर ठेवून दाबा. भोवती तांबूस-तपकिरी डाग पसरला तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे पचलेलं रक्त. नुसती माती असेल तर असा रंग सुटत नाही. विष्ठेजवळ किंवा शेपटीखाली काकडीच्या बीसारखे पांढरे तुकडे दिसले तर तो पट्टकृमी. तो बहुतेक वेळा पिसू गिळल्याने होतो, म्हणजे हाही पुरावाच.

उपचारात लोक अडखळतात ते गणितात. एका घरातल्या एकूण पिसवांपैकी जेमतेम 5 टक्के पूर्ण वाढलेल्या, म्हणजे प्राण्याच्या अंगावर असतात. बाकी अंडी, अळ्या आणि कोश गादीत, गालिच्यात, फटींत पसरलेले. एक मादी दिवसाला 40 ते 50 अंडी घालू शकते. कोशावर कोणतंही औषध चालत नाही, आणि आतली पिसू ऊब आणि हादरे जाणवेपर्यंत कित्येक महिने दबा धरून बसते. म्हणून उपचार सुरू केल्यावरही दोन-तीन महिने नव्या पिसवा दिसत राहतात. ‘औषध चाललं नाही’ म्हणून दर पंधरवड्याला ब्रँड बदलणारे इथेच फसतात.

1. घरातल्या प्रत्येक कुत्र्या-मांजराला, खाज असो वा नसो, एकाच दिवशी औषध द्या. प्रत्येकाचं वजन करून त्या वजनाचीच मात्रा घ्या. कुत्र्याच्या ट्यूबमधून अंदाजे थेंब काढून मांजराला लावू नका.

2. मानेवर लावायचं औषध कवटीच्या तळाशी, जिथे मांजराची जीभ पोहोचत नाही तिथे लावा. केस दुभंगून कातडी दिसली पाहिजे. केसांवरच राहिलेलं औषध वाया जातं. लेबलवर वेगळं लिहिलं नसेल तर आधी आणि नंतर दोन-दोन दिवस आंघोळ नको.

3. ठरलेल्या अंतराने किमान तीन महिने चालू ठेवा. सेलामेक्टिन, फिप्रोनिल, इमिडाक्लोप्रिड-मॉक्सिडेक्टिन सहसा महिन्याने, तर मांजरांसाठीचं फ्लुरालॅनर 12 आठवड्यांनी. सेलामेक्टिन, मॉक्सिडेक्टिन आणि फ्लुरालॅनरच्या गटातल्या औषधांनी पुष्कळसे खरजेचे आणि कानातले किडेही मरतात, म्हणून निदान अंधुक असताना पशुवैद्य त्यांनाच पसंती देतात. मांजराला पूर्वी झटके आले असतील तर फ्लुरालॅनर घेण्याआधी तसं सांगा.

4. अंथरुणं दर आठवड्याला 60 अंश पाण्यात धुवा. गाद्या, सोफ्याच्या खाचा, कडा व्हॅक्यूमने ओढा. हादऱ्याने कोशातल्या पिसवा बाहेर येतात, आणि बाहेर आल्या तरच औषधाने मरतात. व्हॅक्यूमची पिशवी लगेच बांधून घराबाहेर टाका.

इथे एक गोष्ट ठळक अक्षरांत लिहून ठेवा: परमेथ्रिन मांजरासाठी विष आहे. कुत्र्यांच्या कित्येक पिसूनाशक थेंबांत ते असतं. लावल्यावर काही तासांत थरथर, झटके येतात आणि मांजर दगावू शकतं. कुत्र्याला असं औषध लावलं असेल तर ते पूर्ण वाळेपर्यंत दोघांना एकत्र झोपू देऊ नका.

किड्यांपैकी एक खास चकवतो. डेमोडेक्स गॅटॉय नावाचा, कातडीच्या अगदी वरच्या थरात राहणारा. तो संसर्गजन्य आहे, पण घरातल्या एकाच मांजराला खाज आणि बाकीची ठणठणीत असं सर्रास घडतं. शिवाय खाजणारं मांजर तोही चाटून गिळतं, त्यामुळे त्याच्या खरवडीत काही सापडत नाही. खाज नसलेल्या सोबत्याची खरवड घेतली तर सापडू शकतो.

बुरशी: नायटा, आणि घरभर सांडलेले बीजाणू

गोल टक्कल, कडेला कोंडा, तुटके केस हे पाठ्यपुस्तकातलं चित्र. प्रत्यक्षात लांब केसांच्या मांजरांत नुसता कोंडा आणि थोडे विरळ केस एवढंच दिसू शकतं, आणि खाज अजिबात नसू शकते. बहुतेक वेळा मायक्रोस्पोरम कॅनिस ही जात असते. ती माणसांना होते, लहान मुलांना लवकर. घरात कोणाला गोल, खाजरा चट्टा उठला असेल तर ते पशुवैद्यांना आवर्जून सांगा.

वुड्स दिव्याखाली, म्हणजे अतिनील प्रकाशाच्या दिव्याखाली, बाधित केसाचा दांडा सफरचंदी हिरवा चमकतो. कोंडा, मलम, धागे, धूळ हेही चमकतात, पण निळसर-पांढरे किंवा पिवळट. केसाचा दांडा चमकला तरच धरायचं. चमक नसली तरी बुरशी नाही असं नव्हे. खात्रीसाठी कल्चर, म्हणजे नमुन्यातली बुरशी प्रयोगशाळेत वाढवून पाहणं: नवीन, बंद पाकिटातल्या टूथब्रशने अंगभर दोन-तीन मिनिटं घासून तो ब्रश प्रयोगशाळेत द्यायचा. निकालाला 14 ते 21 दिवस लागतात. घाई असेल तर पीसीआर, म्हणजे बुरशीच्या डीएनएची तपासणी.

उपचाराचे तीन पाय आहेत. पोटातून इट्राकोनाझोल, साधारण 5 मिलिग्रॅम प्रतिकिलो रोज, एक आठवडा द्यायचं आणि एक आठवडा थांबायचं, अशी तीन आवर्तनं. पुढचा निर्णय कल्चरवर. दुसरा पाय बाहेरून: लाइम सल्फरचं पाणी आठवड्यातून दोनदा, सर्वांगाला, न धुता वाळवायचं. सडक्या अंड्याचा वास येतो, चांदी काळी पडते, पांढरं मांजर पिवळं दिसतं, पण काम चोख. ते नको असेल तर मायकोनाझोल आणि क्लोरहेक्सिडिन एकत्र असलेला शॅम्पू. तिसरा पाय घर: बीजाणू, म्हणजे बुरशीची सूक्ष्म बीजं, महिनोन्महिने टिकतात, पण भिंतीत किंवा गादीत ते वाढत नाहीत, म्हणून झाडून-पुसून केस काढणं हेच निम्मं काम. मांजराला धुवायला सोप्या अशा एका खोलीत ठेवा. ती खोली आधी साबणाच्या पाण्याने घासा, मग जंतुनाशक दहा मिनिटं ओलं राहू द्या, मग पुसा. मळावर ओतलेलं जंतुनाशक फुकट जातं. कपडे दोनदा धुवा आणि मशीन ठासून भरू नका.

केस परत आले म्हणून औषध थांबवणं ही इथली हमखास चूक. अंग भरलेलं दिसत असतानाही मांजर बीजाणू सांडत असू शकतं. थांबायचं ते कल्चर निगेटिव्ह आल्यावर, बहुतेक पशुवैद्य लागोपाठ दोनदा पाहतात.

पशुवैद्यांकडे जाताना

जाण्याआधी आठवडाभर आंघोळ, मलम, तेल काही नको. पुरावाच धुतला जातो. दिलेल्या सगळ्या औषधांची नावं आणि तारखा न्या, विशेषतः स्टेरॉइड इंजेक्शनाची. पहिल्याच भेटीत या तपासण्या मागा: फणीने विंचरण, कातडीची खरवड, सेलोटेपने उचललेला नमुना, कानाचा मळ आणि ओल्या चट्ट्याचा स्लाइडवर ठसा. शेवटच्या तपासणीत जिवाणू किंवा यीस्ट दिसले तर आधी ते आवरावे लागतात, कारण त्यांची स्वतःची खाज असते. मांजर दहा वर्षांच्या पुढचं असेल तर थायरॉइडसह रक्त तपासा. अधाशासारखं खाऊनही वजन उतरणं आणि केस रखरखीत होणं ही थायरॉइड वाढल्याची खूण.

जखम दुर्गंधीयुक्त आहे, कातडी कागदासारखी फाटते, मांजर सुस्त आहे, ताप आहे किंवा चोवीस तास खात नाही, यातलं काही असलं तर खालची लांबलचक प्रक्रिया बाजूला ठेवून त्याच दिवशी जा.

अन्नाची चाचणी: आठ आठवडे, एकही घास इकडचा तिकडे नाही

किडे आणि बुरशी बाद झाले, खाज उरली, की अन्नाची पाळी. रक्ताच्या, केसांच्या किंवा लाळेच्या तपासणीवरून अन्नाची अ‍ॅलर्जी विश्वासार्हपणे कळत नाही. त्या अहवालांची लांबलचक यादी पाहून पैसे वसूल झाल्यासारखे वाटतात, एवढंच. खरी चाचणी एकच: मांजराने आयुष्यात न खाल्लेलं प्रथिन किंवा हायड्रोलाइज्ड, म्हणजे प्रथिनांचे बारीक तुकडे केलेलं, पशुवैद्यकीय खाद्य सलग आठ आठवडे देणं. मांजरांत सर्वांत जास्त दोषी ठरतात गोमांस, मासे आणि कोंबडी. त्यामुळे नुसतं ‘कोंबडीऐवजी मासे’ केल्याने काहीच सिद्ध होत नाही. ‘ग्रेन-फ्री’चाही इथे फारसा उपयोग नाही, कारण धान्य क्वचितच कारण असतं. दुकानातल्या साध्या ‘एकाच प्रथिनाच्या’ खाद्यांत इतर प्रथिनांचे अंश सापडतात, म्हणून चाचणीपुरतं पशुवैद्यकीय खाद्यच घ्या.

नवं खाद्य सात ते दहा दिवसांत हळूहळू मिसळत आणा आणि जुनं पूर्ण बंद झाल्या दिवसापासून आठ आठवडे मोजा. मांजर हट्टाने उपाशी राहिलं तर ‘भूक लागली की खाईल’ म्हणून बसू नका. दोन दिवसांच्या उपासानेही, विशेषतः लठ्ठ मांजरात, यकृतात चरबी साचून जीव धोक्यात येतो. दुसरं खाद्य निवडा.

चाचणी बिघडते ती किरकोळ गोष्टींनी: दुधाचा थेंब, दुसऱ्या मांजराचं उरलेलं, जंताच्या गोळीचं चविष्ट आवरण, माशाच्या तेलाची कॅप्सूल, बाहेर जाऊन मारलेला उंदीर. घरातल्या सगळ्या मांजरांना तेच खाद्य देणं सर्वांत सोपं. बाहेर जाणारं मांजर आत ठेवता येत नसेल तर ही चाचणी सुरूच करू नका. पिसवांचं औषध मात्र या काळात चालू राहिलं पाहिजे, नाहीतर आठव्या आठवड्यात चावलेली एक पिसू सगळा हिशेब पुसते.

सुधारणा झाली की काम संपलं असं वाटतं, पण निदान अजून व्हायचंय. जुनं खाद्य मुद्दाम परत द्या. दोन आठवड्यांच्या आत खाज परतली, नवं दिल्यावर पुन्हा गेली, तरच अन्नाची अ‍ॅलर्जी. ही पायरी टाळली तर ऋतू बदलल्यामुळे आलेल्या सुधारणेचं श्रेय महागड्या खाद्याला जातं आणि मांजर जन्मभर तेच खात बसतं.

यातून उरते ती हवेतली अ‍ॅलर्जी

धूळ, परागकण, बुरशीचे कण. हिच्यासाठी ‘पॉझिटिव्ह’ येणारी तपासणी नाही, बाकी सगळं बाद झाल्यावरच हे नाव द्यायचं. अ‍ॅलर्जीच्या त्वचा-चाचण्या आणि रक्त-चाचण्या फक्त त्या गोष्टीची शरीराला सवय लावणारी लस बनवण्यासाठी कामाच्या. ही बरी होत नाही, आवाक्यात ठेवता येते.

प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड सर्वांत वेगाने काम करतं: 1 ते 2 मिलिग्रॅम प्रतिकिलो रोज, खाज आटोक्यात आली की हळूहळू एक दिवसाआड आणि कमीत कमी मात्रेवर. प्रेडनिसोलोनच हवं, कारण प्रेडनिसोनचं रूपांतर मांजराच्या शरीरात नीट होत नाही. महिना-महिना टिकणारी इंजेक्शनं सोपी वाटतात, पण एकदा टोचली की काढता येत नाहीत, आणि वारंवार घेतली तर मधुमेहाचा धोका वाढतो. मांजर जास्त पाणी पिऊ लागलं, जास्त मुतू लागलं की लगेच साखर तपासा. दीर्घकाळासाठी सायक्लोस्पोरिन हे प्रतिकारशक्ती दाबणारं औषध, 7 मिलिग्रॅम प्रतिकिलो रोज. फरक दिसायला चार ते सहा आठवडे, मग एक दिवसाआड. सुरुवातीला उलट्या-जुलाब होऊ शकतात. आधी एफआयव्ही आणि एफईएलव्ही या प्रतिकारशक्ती खच्ची करणाऱ्या विषाणूंची तपासणी करा, आणि औषध चालू असताना कच्चं मांस आणि शिकार बंद, कारण त्यातून येणारा टॉक्सोप्लाझ्मा हा परजीवी बळावू शकतो. या मात्रा पशुवैद्यांशी बोलताना संदर्भ म्हणून आहेत, घरी मोजून द्यायला नाहीत.

ओमेगा-3 तेलाने स्टेरॉइडची गरज थोडी कमी होऊ शकते, पण सहा-आठ आठवडे दम धरावा लागतो, आणि अन्नाची चाचणी संपल्यावरच.

‘ताणामुळे चाटतंय’

हे निदान फार पटकन चिकटवलं जातं. 2006 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ‘मानसिक’ म्हणून पाठवलेल्या 21 मांजरांची नीट तपासणी केली, तेव्हा 16 मांजरांत शारीरिक कारण निघालं आणि निव्वळ मानसिक फक्त दोघांत. तेव्हा वर लिहिलेलं सगळं झाल्याशिवाय ताणावर खापर फोडू नका. झालं असेल, तर मात्र मांजरांमागे एक आणि वर एक जास्त असे शी-शूच्या मातीचे ट्रे, वेगवेगळ्या जागी वाट्या, उंच लपायच्या जागा आणि ठरलेल्या वेळी खेळ यांपासून सुरुवात करा.

काय लावू नये

मांजर अंगाला लावलेलं सगळं चाटून पोटात नेतं, आणि त्याचं यकृत पुष्कळशी रसायनं माणसासारखी निकामी करू शकत नाही. टी ट्री तेल, कापूर, फिनाइल, क्लोरोझायलेनॉलची जंतुनाशकं, बेंझिल बेंझोएट, झिंक ऑक्साइडची मलमं, केस वाढवायचं मिनॉक्सिडिल: यातलं काहीच नको. मिनॉक्सिडिलचा अगदी थोडा अंशही जीव घेऊ शकतो, म्हणून घरात कोणी वापरत असेल तर त्यांच्या उशीपासूनही मांजराला लांब ठेवा. दुखतं म्हणून पॅरासिटामॉल देणं म्हणजे मृत्यूला बोलावणं. कडुलिंबाच्या तेलानेही मांजरांना विषबाधा झाल्याची उदाहरणं आहेत. ओरबाडलेल्या जखमेला सलाइनने पुसणं, मागच्या पायांची नखं दर आठवड्याला कापणं आणि कोन किंवा मऊ कापडी पट्टा घालणं एवढं घरी पुरे.

कारण सापडून थांबलं, तर साधारण तीन-चार आठवड्यांत लव दिसते आणि दोन-तीन महिन्यांत अंग भरतं. सयामी मांजरांत नवे केस आधी गडद येतात, कारण उघडी कातडी थंड पडते आणि थंडाव्यात त्यांचा रंग गडद होतो. पुढच्या वेळी केस बदलताना तो डाग आपोआप जातो.